२९ फेब्रुवारीची बाकी : ईसीएलजीएस कर्जाचा चार वर्षांचा अनुभव

सांगलीतल्या आमच्या छापखान्याने कोरोनात घेतलेल्या सरकारी हमीच्या, म्हणजे ईसीएलजीएस योजनेच्या, कर्जाचा शेवटचा हप्ता ऑगस्ट २०२४ मध्ये गेला. घेतलं तेव्हा जो तो विचारायचा, ‘घ्यावं का?’ तेव्हा मला उत्तर देता येत नव्हतं. आता देते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचं ऑफसेट मशीन बुडालं. मुदत कर्ज काढून वापरलेलं दुसरं मशीन घेतलं, ते जेमतेम रुळावर आलं आणि मार्च २०२० उजाडला. छापखान्याचं वर्ष लग्नसराईवर चालतं. त्या वर्षी अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला होती आणि त्या एका मुहूर्ताच्या १९ लग्नांच्या पत्रिका टाळेबंदीआधीच छापून, घड्या घालून, पाकिटात भरून तयार होत्या. लोकांनी दिलेला अॅडव्हान्स कागदातच गेला होता. राहिलेले पैसे मागायला मी कुणाच्या दारात गेले नाही, आणि जायचं तरी कोणत्या तोंडाने?

१३ मे २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी छोट्या उद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांच्या विनातारण कर्जाची घोषणा केली. ही ती ईसीएलजीएस (इमर्जन्सी क्रेडिट लाइन गॅरंटी स्कीम) योजना. सुरुवातीच्या अटी अशा : २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्यावर जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के रक्कम, मुदत ४ वर्षं, पहिल्या वर्षी फक्त व्याज. बँकांना व्याजदर ९.२५ टक्क्यांच्या वर नेता येणार नव्हता, बिगर-बँक वित्त कंपन्यांना १४ टक्क्यांच्या. पूर्ण हमी सरकारची आणि हमीचं शुल्कही नाही.

बँकेत गेले तर साहेबांनी आधी घराचा उतारा मागितला. योजनेची माहिती मी प्रिंट काढून नेली होती. ‘नवीन तारण घेऊ नये’ या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली. काचेच्या खालच्या फटीतून कागद आत सरकवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘बरं ताई, उतारा राहू द्या.’ एवढंच. मात्र एक गोष्ट तेव्हा मला नीट कळली नव्हती : नवीन तारण नसलं तरी आधी जे तारण आहे, म्हणजे आमचं मशीन आणि कागदाचा साठा, त्याच्यावर या कर्जाचाही बोजा चढत होता. सही करण्याआधी हे विचारून घ्यावं. बाकी अकराव्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले. निम्म्या माणसांवर शाखा चालू असताना हे काम झालं, याबद्दल माझी तक्रार नाही.

व्याज साडेसात टक्के लागलं. आमच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्यासाठी मर्यादेत लागेल तसे पैसे काढायच्या-भरायच्या कर्जखात्याला, साडेदहा होतं, म्हणजे एवढं स्वस्त कर्ज आम्हाला कधीच मिळालं नव्हतं.

आता रकमेकडे येते, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा ८ लाखांची. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका मोठ्या कामाचे ४ लाख आले आणि मी ते त्याच दिवशी खात्यात भरले. व्याज वाचावं म्हणून सासऱ्यांनी लावलेली सवय. त्यामुळे २९ तारखेला बाकी दिसली ३ लाख १० हजार. मशीनच्या कर्जाचे ५ लाख ४० हजार धरून झाले साडेआठ लाख. त्याचे २० टक्के, १ लाख ७० हजार. तेच पैसे मार्चमध्ये भरले असते तर अडीच लाख मिळाले असते. वेळेवर भरणाऱ्याचे ८० हजार कमी! गरज मोजायचं माप म्हणून कर्जाची बाकी घेतली की असंच होणार. महापुराने आम्हाला कर्जात घातलं, म्हणून आम्ही पात्र तरी ठरलो.

काकू तर ठरल्याच नाहीत. आमच्या पत्रिका चिकटवणं, बिलबुकांची बांधणी हे काम वीस वर्षं त्या घरी बसून करतात, हाताखाली दोन बायका. त्यांनी कधी बँकेचं एक रुपया कर्ज घेतलं नाही. शून्याचे २० टक्के शून्य. आमच्या दारातल्या चहाच्या गाडीवाल्या दादांना स्वनिधी योजनेतून १० हजार मिळाले, कारण ती १ जून २०२० ला आलेली योजना २४ मार्चच्या आधीपासून शहरात धंदा करणाऱ्या फेरीवाल्यांसाठी होती आणि आधीचं कर्ज असण्याची अट तिला नव्हती. काकू फेरीवाल्या नाहीत आणि कर्जदारही नाहीत. त्यांनी पाटल्या गहाण ठेवल्या.

आमच्या १ लाख ७० हजारांतले ९० हजार कागदाच्या व्यापाऱ्याला गेले. जुनी उधारी फिटल्याशिवाय तो नवीन रीम देत नव्हता. ४८ हजार मशीनमन आणि हेल्परच्या थकलेल्या पगाराला, उरलेले शाई, मशीनचं रबरी ब्लँकेट आणि लाइट बिलाला. कागद आला म्हणून दवाखान्यांचे केसपेपर आणि औषधांची पाकिटं छापता आली आणि त्यावर छापखाना जगला. डॉक्टरांना टोकन हवे होते, तेव्हा त्या १९ लग्नांच्या पत्रिका मी कटिंग मशीनवर घेतल्या. आतली बाजू कोरी होती. पातं खाली आलं की वधू-वरांच्या नावांमधून चीर जायची. गणपती तेवढे मी आधीच कापून वेगळे ठेवले. अजून आहेत, एका डब्यात.

पहिल्या वर्षी महिन्याला १,०६२ रुपये व्याज जायचं, ते जाणवलं नाही. मग हप्ता ५,२८८ झाला, आणि वेळ वाईट होती. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास अशी मर्यादा आली. पंचवीस माणसांसाठी पत्रिका कोण छापतं? जुलैमध्ये कृष्णेला पुन्हा पूर. या वेळी मशीनचा कट्टा उंच केलेला होता, म्हणून ते वाचलं. मे २०२१ मध्ये कर्जाची फेररचना करून घेणाऱ्यांना योजनेत आणखी १० टक्के कर्ज आणि फक्त व्याजाचा काळ दोन वर्षांचा देऊ केला होता, ते मी घेतलं नाही. आहे तोच हप्ता डोळ्यांसमोर होता. फक्त व्याजाचा काळ पहिल्यापासून सगळ्यांनाच दोन वर्षांचा असता तर श्वास घेता आला असता. पुढच्या टप्प्यांत हॉटेल आणि पर्यटनवाल्यांना ६ वर्षांची मुदत मिळाली. लग्नावर जगणाऱ्या छापखान्यांचा विचार त्यात नव्हता.

तारे द्यायचे तर सेवेला चार, रचनेला दोन. पुन्हा अशी वेळ आली तर कर्जाची रक्कम ठरवताना लाइट बिल बघा, जीएसटीची विवरणं बघा. आमचं मशीन किती चालतं ते मीटर बरोबर सांगतो. आणि ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांनी नो ड्यूजचा कागद आणि बोजा उतरवल्याची नोंद मागून घ्या. मला त्यासाठी तीन हेलपाटे पडले.

जानेवारी २०२३ मध्ये उद्यम असिस्ट सुरू झालं, जीएसटी नसलेल्या अगदी लहान धंद्यांची नोंदणी करणारं. त्यात काकूंचं नाव घातलं. प्रमाणपत्र मीच रंगीत काढून लॅमिनेट करून दिलं. त्यांनी ते देवघराशेजारच्या भिंतीवर लावलंय. पाटल्या २०२२ च्या दिवाळीआधी सुटल्या, स्वतःच्या कमाईवर.