के९के इंजिनाचा टायमिंग पिन सेट : नाशिकमध्ये घेताना काय बघाल

लोगन, व्हेरिटो, डस्टर, टेरानो. या सगळ्यांच्या दीड लिटर डिझेलमध्ये रेनॉचं के९के इंजिन आहे. लोगन आणि व्हेरिटो तर नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडल्या. इंजिन बांधायला काढलं की पिस्टन, रिंगा, बेअरिंग मिळून जातात. अडतं ते टायमिंगच्या पिनांपाशी, म्हणजे टायमिंग बेल्ट बसवताना क्रँक (पिस्टनला जोडलेला खालचा शाफ्ट) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा शाफ्ट) ठरलेल्या जागी ठेवणाऱ्या पिनांपाशी.

लागतात दोनच. कॅमची पिन, टूल नंबर मॉट १४३०, ही ८ मिलिमीटर जाडीची साधी दांडी. कॅमच्या पुलीतून हेडच्या भोकात जाते. क्रँकची पिन मॉट १४८९. ब्लॉकवरचा टीडीसीचा (पिस्टन सर्वात वर असतो ती जागा) प्लग काढून ती आट्यांवर पूर्ण बसवायची, तिच्या टोकाला क्रँकचा वेब (क्रँकचा बाजूचा जाड भाग) टेकला की टीडीसी मिळतो.

द्वारका, मुंबई नाक्याकडच्या दुकानांत नुसता ‘डिझेलचा टायमिंग सेट’ मागू नका. फियाटच्या मल्टिजेट डिझेलच्या पिना वेगळ्या, फोक्सवॅगनच्या टीडीआयचं क्रँक लॉक वेगळं. हे दोन नंबर चिठ्ठीवर लिहून द्या. रेनॉच्या मोठ्या पेटीत दिसायला सारख्या दोन-तीन क्रँक पिना असतात, आणि घोळ तिथेच होतो: आटे बसतात, पण खांद्यापासून टोकापर्यंतची लांबी चुकते. मग वेब आधीच किंवा उशिरा टेकतो आणि टायमिंग मुळातच सरकतं.

बिनब्रँडच्या सेटबद्दल स्पष्ट मत असं : कॅम पिन कोणतीही चालेल, क्रँक पिन तपासल्याशिवाय वापरू नये. हेड उतरलेलं असतानाच तपासा. पहिल्या पिस्टनवर मॅग्नेटिक स्टँडने डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) लावा. टीडीसीपाशी पिस्टन काही अंश जवळजवळ थांबलेलाच असतो, त्यामुळे काटा सर्वात वर दिसतो तीच जागा टीडीसी समजू नका. पिस्टन १ मिलिमीटर खाली असताना क्रँकवर दोन्ही बाजूंनी खुणा करा. त्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. आता पिन लावून क्रँक टेकवा. त्या मध्याशी जुळलं तर पिन ठेवा, नाहीतर परत करा.

कॅम पिन सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या टूलरूममधून करून घेतली तरी उत्तम. ८ मिलिमीटरचं ग्राइंडिंग केलेलं सिल्व्हर स्टील, टोकाला थोडा चँफर (तिरकी कड), मागे धरायला मूठ. ड्रिल बिटची मागची बाजू घालून काम भागवणारे बरेच आहेत. कृपया ते करू नका, बिट झिजलेला असला की पुली हलते. क्रँक पिन मात्र अस्सल नमुना हातात असल्याशिवाय लेथवर करायला देऊ नये.

वापरताना क्रँक टायमिंगच्या बाजूने बघून घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. पुलीचं भोक हेडच्या भोकाजवळ आलं की क्रँक पिन बसवा, मग अलगद टेकेपर्यंत फिरवा. कॅम पिन बोटांनी आत गेली पाहिजे. हातोडी लागत असेल तर काहीतरी चुकलंय. पंपाच्या पुलीची खूणही जुळवा.

क्रँक पिन हा टेकू आहे, कुलूप नाही. तिच्या भरवशावर पुलीचा बोल्ट सोडवला की पिन वाकते, आणि वाकलेली पिन पुढच्या प्रत्येक गाडीचं टायमिंग बिघडवते. बोल्टसाठी फ्लायव्हील अडवायचं वेगळं टूल घ्या.

बेल्ट ताणल्यावर दोन्ही पिना काढून हाताने दोन पूर्ण फेरे द्या आणि पिना पुन्हा घालून बघा. मधेच अडलं तर जोर लावू नका. या इंजिनात टायमिंग चुकलं की पिस्टन व्हॉल्व्हला लागतो. शेवटी क्रँक पिन काढून टीडीसीचा प्लग सीलंट लावून परत बसवा. तो राहिला तर गाडी सुरू होताच तिथूनच ऑइल येतं.