फिनेगन स्कोअर की ‘खाणं-झोप-शांत होणं’? औषध कुठल्या बाळाला लागेल ते ठरवताना

आईच्या अफूजातीच्या औषधांची पोटातच सवय लागून, जन्मल्यावर ती तुटल्यानं त्रास होतो त्या बाळांसाठी सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या तुझ्या नवजात बाळांच्या नर्सरीत कुठली पद्धत लावू म्हणून विचारलंस ना, तर आधी एक सांगते, नुसत्या हिस्ट्रीवरून अमक्या बाळाला मॉर्फिन (हा त्रास आवरायला देतात ते औषध) लागणारच असं छातीठोक कुणालाच सांगता येत नाही. हिस्ट्रीवरून अंदाज तेवढा येतो. आई मेथाडोनऐवजी ब्युप्रेनॉर्फिनवर (दोन्ही अफूजातीच्या व्यसनावरची औषधं) असली तर बाळाला त्रास कमी (2010 च्या ट्रायलमध्ये बाळांना सरासरी 10.4 मिग्रॅ विरुद्ध 1.1 मिग्रॅ मॉर्फिन लागलं), सोबत सिगारेट, झोपेच्या गोळ्या असल्या की जास्त, पण मेथाडोनचा डोस मोठा म्हणजे त्रास मोठा असं सरळ गणित नाही. आपल्याकडं ट्रामाडॉल (दुखण्यावरची गोळी), कोडीनचं खोकल्याचं औषध आणि मिश्री नाव घेऊन विचार, बायका आपणहून सांगत नाहीत. आईचं औषध कमी वेळ टिकणारं असेल तर 3 दिवस, ब्युप्रेनॉर्फिन असेल तर 4 ते 7, मेथाडोन असेल तर 5 ते 7 दिवस बाळाला घरी सोडू नको.

आता फिनेगन, म्हणजे बाळाच्या लक्षणांना मार्क द्यायचा तक्ता. 1975 सालचा, दर 3-4 तासांनी मार्क द्यायचे, लागोपाठ तीनदा 8 किंवा दोनदा 12 किंवा त्याहून जास्त आले की औषध. कागदावर बरं दिसतं, पण शिंक, जांभई सगळ्याचे मार्क, त्यात भुकेल्या बाळाला उठवून स्कोअर घेतला की फुगतोच आणि दोन सिस्टरचे आकडे जुळतील तर शपथ.

दुसरी पद्धत ‘खाणं-झोप-शांत होणं’, तिच्यात तीनच प्रश्न: बाळ नीट पितंय का, तासभर सलग झोपतंय का, दहा मिनिटांत शांत होतंय का. एकाचंही उत्तर नाही आलं की आधी अंधार, शांतता, छातीशी धरणं, अंगावरचं दूध, औषध त्यानंतर. 2023 च्या अमेरिकेतल्या 26 हॉस्पिटलच्या ट्रायलमध्ये ही पद्धत लावल्यावर औषध लागलेली बाळं 52 टक्क्यांवरून 19.5 वर आली, घरी जायला तयार व्हायला 14.9 ऐवजी 8.2 दिवस.

मी दुसरीच घेईन, कारण तिला लागतो तो धरून बसणारा माणूस आणि तो आपल्याकडं आहे, रात्री तीनला बाळ रडायलंय म्हटलं की आज्जी पदर खोचून हजर. पण आई दुसरीकडं ॲडमिट, सोबत कुणी नाही, किंवा बाळ 36 आठवडे भरायच्या आत जन्मलेलं असेल तर ट्रायलचे आकडे तिथं लावू नको, फिनेगनच बरा. झटके आले तर शुगर, कॅल्शियम आधी बघ.

आणि हो, गुंडाळायला मे महिन्यात आपली सोलापुरी चादर नको, मलमलचं फडकं घे, नाहीतर फिनेगनात घाम आणि ताप दोन्हीचे मार्क वाढायचे आणि आपण मॉर्फिन काढून बसायचो.