५२०० च्या जोड्या, 'तांब्याचा' ट्रान्सफॉर्मर आणि ठाण्यातलं एक दुकान

घरी ॲम्प्लिफायर बनवणाऱ्यांनी, त्यातही गणपतीच्या तोंडावर पार्ट घ्यायला निघालेल्यांनी हे वाचाच. बनावट पॉवर ट्रान्झिस्टर लावला की लगेच धूर निघतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. तो मस्त चालतो, आठवडाभर गाणी ऐकवतो आणि उडाला की दुकानदार तुमच्या सोल्डरिंगकडे बोट दाखवून मोकळा होतो.

कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीच्या मंडपासाठी स्टिरिओ ॲम्प्लिफायर करत होतो. सर्किट जुनंच, हात बसलेलं. प्रत्येक चॅनेलला २एससी५२०० आणि २एसए१९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरच्या दोन-दोन जोड्या, ३२-०-३२ चा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रेक्टिफायरनंतर साधारण अधिक-उणे ४५ व्होल्ट. एरवी मी सामान लॅमिंग्टन रोडवरून आणतो. या वेळी ठाण्यातलं एक दुकान कुणीतरी सुचवलं. ट्रान्स-हार्बर लोकलने गेलं की काम होतं, ग्रँट रोडपर्यंतची धक्काबुक्की वाचते. "ओरिजिनल तोशिबा आहे साहेब, हातात घेऊन बघा," शेठ म्हणाले. भाव नेहमीपेक्षा थोडासाच कमी. फार स्वस्त दिलं तर गिऱ्हाईक बिचकतं, हे त्यांनाही पक्कं ठाऊक असतं.

मल्टिमीटरवर सगळे पास. डायोड टेस्ट ठीक, गेन ठीक. ॲसिटोनचा बोळा फिरवला, छपाई जागची हलली नाही. सिरीजमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून सुरू केलं तर बल्ब क्षणभर उजळला आणि विझत आला, म्हणजे शॉर्ट कुठे नाही. बायसिंगचा आयडल करंटही, म्हणजे गाणं नसताना ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट, नीट बसला. घरात हळू आवाजात काही तक्रार नव्हती. मंडपात आवाज वाढवला, ढोलकी सुरू झाली आणि स्पीकर प्रोटेक्शनची रिले कट्ट करून सुटली, पाठोपाठ फ्यूज गेला. उजव्या चॅनेलचे ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर शॉर्ट. रिले नसती तर सप्लायचा सगळा डीसी थेट वूफरच्या कॉइलवर गेला असता आणि वूफरही गेला असता.

दुकानात उत्तर तयारच होतं. "बायसिंग चुकलं असेल साहेब. सेमीकंडक्टरला गॅरंटी नसते." मला राग आला तो या वाक्याचा, पैशांचा नंतर. कॉलेजातलं एखादं पोरगं हे ऐकून खाली मान घालून घरी जाईल आणि पुन्हा सोल्डरिंग गन हातात धरणार नाही.

घरी येऊन मेलेला एक ट्रान्झिस्टर फडक्यात गुंडाळून पकडीने फोडला. गॉगल लावून, कारण तुकडे उडतात. शेजारी जुन्या, खात्रीच्या ॲम्प्लिफायरमधून काढलेला एक मेलेला ५२०० तसाच फोडून ठेवला. खऱ्याच्या तांब्याच्या पट्टीवर सिलिकॉनची चांगली ऐसपैस चिप होती. माझ्यातली तांदळाच्या कणीएवढी. वरचं काळं अंग १५ ॲम्पिअर, १५० वॉटचं आणि पोटात कुठला तरी किरकोळ ट्रान्झिस्टर. कमी करंटला तो निभावतो, ढोलकीच्या जड आवाजाला दम तोडतो.

फोडल्याशिवायही ओळखता येतं. कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेस या पायांना लावा, आकडा स्थिर होत नसेल तर प्रोब उलटे करा. डेटाशीटमध्ये १० व्होल्टला ५२०० चा आकडा २०० पिकोफॅरड आहे, १९४३ चा ३६०. मीटर मोजतो त्याहून बऱ्याच कमी व्होल्टेजला, त्यामुळे वाचन याहून मोठंच यायला हवं. माझ्याकडे उरलेल्या ५२०० चं वाचन शंभर पिकोफॅरडच्या आत होतं. चिप लहान, म्हणून कपॅसिटन्स लहान. छपाई कितीही सुबक केली तरी हे लपत नाही.

मग ट्रान्सफॉर्मरवरही संशय आला. त्याच दुकानातला, "शुद्ध कॉपर". बाहेर आलेली टोकं ब्लेडने खरवडली तर खरंच तांबं. वरचा पिवळा कागद सोडवला, आतल्या जोडावरची स्लीव्ह सरकवली आणि तिथून पुढची तार खरवडली, तर एनॅमलखाली पांढरी चकाकी. ॲल्युमिनियम. गिऱ्हाईक जिथे खरवडणार तेवढ्यापुरतंच तांबं जोडलेलं. ॲल्युमिनियमचं माझं वाकडं नाही. जाड तार वापरून, सांगून, त्या भावात विकलं तर खुशाल विका. पण त्याच जाडीत त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. लोड आला की व्होल्टेज पडतं आणि ट्रान्सफॉर्मर तापतो.

बिलावर शेठनी नुसतं "स्पेअर पार्ट्स" लिहिलं होतं, खाली "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का. त्या शिक्क्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. मी फोडलेले दोन्ही ट्रान्झिस्टर काउंटरवर ठेवले. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनी वाकून पाहिलं. ग्राहक आयोगाचं नाव काढल्यावर ट्रान्झिस्टरचे पैसे मिळाले. पैसे देतानाही "मी वरून पाकीटबंद घेतो, मला काय माहीत" चालूच होतं.

तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर पार्ट नंबर आणि कंपनी लिहून घ्या. ऑनलाइन मागवलंत तर पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढा. आणि या ३० दिवसांत बोर्ड ८ ओहमच्या, पुरेशा वॉटच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी जोडायचा रेझिस्टर) जोरात चालवून घ्या. हळू आवाजात वाजतंय म्हणून खूश होऊ नका. ठरावीक नंबरच हवा असेल तर एलिमेंट १४ किंवा माऊझरसारख्या वितरकाकडून मागवा. महाग पडतं, पण तिथे तो निदान तोच नंबर असतो.

ट्रान्सफॉर्मरचे पैसे अजून दिलेले नाहीत. "वायंडिंगवाल्याला विचारतो" म्हणतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे जमलं नाही तर जिल्हा आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.