मोसिनचा बोल्ट अडतोय: घासायचा, बदलायचा की रायफलच दुसरी घ्यायची?

अमेरिकेत राहणाऱ्या आणि जुन्या लष्करी रायफलींचा नाद लागलेल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे मोसिन-नागांत ९१/३० ही जुनी रशियन रायफल असते. २०१० च्या आसपास ती शंभर डॉलरच्या आत मिळायची, त्या काळात कित्येकांनी घेऊन ठेवली. (भारतातल्या वाचकांनी हा लेख नुसता माहितीसाठी वाचावा. तिथे असल्या बोअरची हत्यारं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत.) तक्रार ठरलेली असते: बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून मागून बंद करणारा दांड्याचा खिळा, उघडताना हात दुखतो, कधी तर तळव्याने ठोकून उघडावा लागतो. मग प्रश्न पडतो, हिच्यावर मेहनत घ्यायची की विकून दुसरी आणायची?

ठरवण्याआधी एवढं बघा, बोल्ट कधी अडतो? रिकाम्या रायफलीतही जड जातो, की फक्त गोळी झाडल्यावर? लक्षण एकच दिसतं, पण रोग दोन आहेत आणि औषधंही वेगळी. सगळं तपासताना रायफल रिकामी हवी, आणि चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीत, डोळ्यांनी बघून, बोट घालून खात्री करायची.

रिकाम्या रायफलीत बोल्ट जड असेल तर थोडा दोष मूळ रचनेचाच आहे. मोसिनमध्ये बोल्टचा दांडा वर उचलतानाच फायरिंग पिनची (गोळीवर आपटणाऱ्या सुईची) स्प्रिंग ताणली जाते, म्हणजे रायफल कॉक होते, आणि दांडा आखूड, सरळ. तरफ आखूड म्हणजे जोर जास्त. त्यामुळे ही रायफल ब्रिटिश ली-एनफील्डसारखी कधीच चालणार नाही. पण बोल्ट सुटा करून कॉकिंग पीस (बोल्टच्या मागचं, पिनला जोडलेलं टोक), स्प्रिंग आणि पिन काढा, आणि नुसता बोल्ट रिसीव्हरमध्ये (तो ज्यात सरकतो त्या सांगाड्यात) फिरवून बघा. तरीही अडत असेल तर कोपऱ्यात, खाचांत जुनं कॉस्मोलीन घट्ट होऊन बसलेलं असतं. सोव्हिएत गोदामांत या रायफली दशकानुदशकं त्या ग्रीसमध्ये माखून ठेवलेल्या होत्या. मिनरल स्पिरिट, नाहीतर उकळतं पाणी. मग नीट कोरडं करून पातळ तेल. खर्च जवळजवळ शून्य, एक दुपार जाते. दुसरा काही खर्च करण्याआधी हे करून बघाच.

नुसता बोल्ट सुळसुळीत फिरतो, पण स्प्रिंग घातल्यावर जड होतो? मग बोल्टच्या मागच्या उतारावर आणि कॉकिंग पीसच्या नाकावर कापकामाच्या रेघा असतील. १९४२-४३ साली इझेव्स्कमध्ये घाईत बनलेल्या रायफलींवर त्या हमखास दिसतात. एकमेकांवर घासणारे तेवढेच पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने हलके गुळगुळीत करता येतात. लॉकिंग लगला (बोल्ट अडकवून धरणाऱ्या दात्यांना) आणि बोल्ट हेडच्या तोंडाला मात्र हात लावू नका. तिथलं धातू कमी झालं की हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि गोळी यांच्यातली मोजकी जागा, बिघडतो, आणि तो घरी परत आणता येत नाही.

आता दुसरा रोग. रिकामी ठीक चालते, पण दहा-वीस गोळ्यांनंतर बोल्ट रुतून बसतो. 'स्टीलच्या पुंगळीवरचा (काडतुसाच्या रिकाम्या नळीवरचा) लाखेचा थर वितळतो' हे स्पष्टीकरण तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. माझा त्यावर विश्वास नाही. बहुतेक वेळा चेंबरमध्येच कॉस्मोलीन आणि दारूची काजळी राहिलेली असते. बॅरल चकाचक केलेली, चेंबरला कुणी ब्रश लावलेलाच नाही! चेंबरच्या मापाचा ब्रॉन्झ ब्रश, सॉल्व्हंट, आणि शेवटी कोरड्या कापडाने पुसणं. चेंबरमध्ये तेल राहू देऊ नका. तेलकट पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जास्त दाब येतो.

तरी अडलं तर गोळ्या बदलून बघा. पितळेची पुंगळी फुगल्यावर आकसते, स्टीलची तेवढी आकसत नाही. प्रवी पार्टिझान किंवा सेलियर अँड बेलो यांच्या पितळी गोळ्या महाग पडतात, पण त्यांची एक पेटी उत्तम निदान करते. पितळी सहज निघाल्या तर चेंबर थोडं खडबडीत आहे. पितळीही अडल्या, किंवा पुंगळीवर ओरखडे दिसले, तर आत गंजाचे खड्डे आहेत. जुन्या सरप्लस (लष्करी साठ्यातल्या) गोळ्यांच्या प्रायमरमुळे, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीमुळे, आत क्षार उरतात. ते निव्वळ तेलाने जात नाहीत, आधी पाण्याने धुवावे लागतात. खड्ड्यांची शंका आली तर गनस्मिथला (बंदूक दुरुस्त करणाऱ्याला) दाखवून खात्री करून घ्या.

झाडलीच नाही अशी गोळी आत अडकली असेल तर दांड्यावर ठोकू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून आधी थांबा, उशिरा पेटण्याची शक्यता असते.

बोल्ट बदलणं हा पर्याय लोक फार लवकर निवडतात. ऑनलाइन सुटा बोल्ट मिळतो, बसतोही, पण बसला म्हणजे जुळला असं नाही. हेडस्पेस गेजने तपासून घ्या. पिन किती बाहेर येते तेही बघा; मोसिनसोबत येणाऱ्या छोट्या हत्यारपट्टीवर ७५ आणि ९५ अशा खाचा त्यासाठीच असतात. गेज आणि गनस्मिथचा खर्च धरला तर साफसफाईपुढे हा सौदा मला कधीच पटला नाही.

आणि दुसरी रायफल? ली-एनफील्ड, म्हणजे आपल्या पोलिसांची जुनी थ्री-नॉट-थ्री, बोल्ट बंद करताना कॉक होते. दांडा साठ अंश उचलला की पुरे, मोसिनला नव्वद लागतात. मॅगझीन दहा गोळ्यांचं. बोल्टचा वेग हवा असेल तर हिला तोड नाही. पण तिच्या काडतुसालाही मागे रिम (बाहेर आलेली कड) आहे, आणि गोळ्या भरायच्या क्लिपमध्ये रिम उलटसुलट भरल्या गेल्या की गोळ्या एकमेकींत अडकतात. जर्मन माउजर के-९८ मोसिनसारखीच उघडताना कॉक होते, तरी पुंगळी बाहेर काढण्यात अधिक भरवशाची. स्विस के-३१ ची गोष्टच वेगळी, बोल्ट सरळ मागे ओढायचा, दांडा फिरवायचाच नाही. तिघींच्याही किमती आता मोसिनपेक्षा वरच्या, आणि जुनी रायफल म्हणजे चेंबरची तपासणी तिथेही चुकत नाही.

माझं मत विचाराल तर चेंबर साफ आणि पितळी गोळ्या यांवर मोसिन सुरळीत चालत असेल तर ती ठेवा. चेंबरला खड्डे असतील तर तिच्यात पैसे ओतू नका, खड्ड्यांची गोष्ट ग्राहकाला सांगून विका. आणि रिकामी असतानाच बोल्टचा राग येत असेल, नुसत्या दांड्याच्या ओढीचाच कंटाळा असेल, तर साफसफाईने तो जाणार नाही. सरळ एनफील्ड बघा.