जुन्या कॅम्पर व्हॅनच्या रेडिएटरमध्ये काय टाकायचं: बोअरचं पाणी, तयार कूलंट की कॉन्सन्ट्रेट?

ओळखीतल्या एकाने नुकतीच जुनी सतरा सीटर ट्रॅव्हलर घेतली. मागच्या सीट काढायच्या, पलंग आणि छोटा ओटा बसवायचा आणि मे महिन्यात पचमढी गाठायची, असा बेत. मला त्याने एकच विचारलं, "रेडिएटरमध्ये काय टाकू? मेकॅनिक म्हणते, पाणी टाका ना भाऊ, काय होते!"

काय होते ते मी पाहून बसलोय. माझ्या गाडीने तीन उन्हाळे बोअरच्या पाण्यावर काढले. चौथ्या उन्हाळ्यात छिंदवाड्याच्या वाटेवर सौंसर सोडून सिलेवानी घाट चढताना काटा लाल पट्टीत गेला, आणि उरलेली दुपार एका झाडाखाली गेली. नंतर नागपूरजवळच्या वाडीत रेडिएटर खोलून घेतला. नळ्यांच्या तोंडाशी कडक, पांढुरका-तपकिरी थर होता, निम्म्या नळ्या बुजलेल्या. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरने एक खपली काढून माझ्या हातावर ठेवली. नागपुरात कोणालाही ओळखू येईल अशी ती खपली होती. जूनमध्ये कूलर आवरताना टाकीच्या तळाशी हेच निघतं.

पाण्याची बाजूही ऐकून घ्यावी, कारण मेकॅनिक अगदीच खोटं बोलत नाही. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे. ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, मिसळलं की ती ताकद थोडी कमी होते. पाण्याची अडचण दुसरीकडे आहे. ते लवकर उकळतं, इंजिनच्या लोखंडी ब्लॉकला गंज चढवतं, आणि बोअरचं असेल तर क्षार सोडतं. म्हणून रस्त्यात अडलात तर गाडी गार होऊ द्या, मग मिळेल ते पाणी बिनधास्त टाका, इंजिन वाचवा. पण घरी आल्यावर ते काढा. वर्षभराचा उपाय म्हणून पाण्याला माझा साफ नकार.

आरओचं पाणी चालेल का? बोअरपेक्षा बरं, पण त्यातही क्षार उरतातच. बॅटरीवाल्याकडे मिळणारं डिस्टिल्ड वॉटर आणा. पाच लिटरचा कॅन फार महाग नसतो.

आता उकळण्याचं गणित, कारण इथेच लोक चुकीच्या वस्तूवर पैसे घालतात. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. त्यात निम्मं ग्लायकॉल मिसळलं तर १०७ च्या आसपास. म्हणजे कमाई सात अंशांची. आणि रेडिएटरची टोपी? ०.९ बार दाबाची टोपी धड असेल तर साधं पाणीसुद्धा ११८-११९ पर्यंत दम धरतं आणि निम्मं-निम्मं मिश्रण १२८ च्या घरात जातं. कुकरची शिट्टी जे काम करते तेच ही टोपी करते. दहा वर्षांची टोपी उलटी करून बघा. रबर कडक झालंय, कडेला चिरा आहेत, मधली छोटी चकती चिकटून बसली आहे, असं काही दिसलं तर आतलं कूलंट कितीही भारी असो, उपयोग नाही. टोपी आधी बदला, तीही मूळ टोपीवर कोरलेल्या दाबाचीच. जास्त दाबाची लावलीत तर जुने होज पाईप आणि जोड फाटतील.

तयार कूलंट आणि कॉन्सन्ट्रेट यांत खरी निवड आहे. तयार म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं, कॉन्सन्ट्रेट म्हणजे पाणी न मिसळलेलं. डबा उघडा, ओता, झालं. नव्या किंवा स्वच्छ गाडीला किंवा नुसतं वरचं भरायला ते सोयीचं. जुन्या व्हॅनला मात्र पहिल्यांदा आतून धुवावं लागतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवायचं, काढायचं, पुन्हा भरायचं, पाणी नितळ येईपर्यंत. धुऊन झालं तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या लांब पाइपांत लिटर-दोन लिटर पाणी अडकून राहतंच. त्यावर तयार कूलंट ओतलं की ते आपोआप पातळ झालं, आणि तुम्हाला पत्ताही नाही. कॉन्सन्ट्रेटमध्ये हा घोळ टळतो. माझ्या गाडीत साडेनऊ लिटर मावतं. आधी चार लिटर कॉन्सन्ट्रेट टाकलं, मग डिस्टिल्ड वॉटरने भरत आणलं. आत अडकलेलं पाणी धरूनच हिशेब जमला, बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून जुन्या गाडीला माझं मत कॉन्सन्ट्रेटला.

नुसतं कॉन्सन्ट्रेटच भरलं तर अजून चांगलं, असं समजू नका. निव्वळ ग्लायकॉल उष्णता कमी वाहतं, आणि गोठण्याच्या बाबतीतही मिश्रणापेक्षा कच्चं आहे. ते उणे १३ च्या आसपास गोठतं, तर निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. नागपुरात गोठण्याची काळजी करायचीच नाही. इथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. आपलं दुखणं ते आहे. त्यामुळे गाडी पचमढी, चिखलदरा, ताडोबा एवढीच फिरणार असेल तर ३५ ते ४० टक्के कॉन्सन्ट्रेट पुरे. पाण्याची उष्णता वाहण्याची ताकदही जास्त राखली जाते. तेहतीस टक्क्यांच्या खाली मात्र उतरू नका, गंजापासूनचं संरक्षण तुटायला लागतं. हिवाळ्यात स्पीतीला न्यायची असेल तर ५० करा.

हिरवं की लाल-गुलाबी? रंगाला काही नियम नाही, डब्यामागचं वाचा. ढोबळ मानाने जुन्या पद्धतीचं कूलंट दोन वर्षांत बदलायचं आणि लाँग लाइफ पाच वर्षं चालतं. ऐकायला लाँग लाइफ परवडतं. पण रेडिएटरच्या वर-खालच्या टाक्या पितळी आणि डागलेल्या (सोल्डर केलेल्या) असतील, म्हणजे तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर, तर मी जुन्या पद्धतीचंच घेईन. लाँग लाइफमधली काही रसायनं त्या डागाला आणि जुन्या गॅस्केटला मानवत नाहीत. शिवाय ज्या गाडीचा होज दर वर्षाआड कुठे ना कुठे पाझरतो, तिथे पाच वर्षांचं कूलंट पाच वर्षं राहणार आहे थोडंच! प्लॅस्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनियम रेडिएटर बसवलेला असेल तर लाँग लाइफ जरूर घ्या, मात्र आधीचं पूर्ण काढून. दोन जाती एकत्र झाल्या की आयुष्य घटतं, कधी कधी आत गाळही धरतो.

पातळीबद्दल एक फजिती सांगतो. बऱ्याच जुन्या गाड्यांना रिझर्व्ह बाटली नसते. टोपीखालून एक बारीक नळी निघते ती थेट जमिनीकडे. मी दर रविवारी गळ्यापर्यंत भरायचो आणि पुढच्या रविवारी तेवढंच कमी सापडायचं. गळती शोधून शोधून थकलो. गळती नव्हतीच. गरम झाल्यावर कूलंट फुगतं, जादाचं बाहेर टाकतं आणि गार झाल्यावर इंच-दीड इंच खाली बसतं. तीच त्याची जागा. आता दोन पर्याय: ती खालची पातळीच खरी मानायची, किंवा बाटली बसवायची. मी बाटली बसवली. त्यासाठी टोपीही वेगळी लागते, वरच्या कडेलाही रबर असलेली. नाहीतर गार होताना बाटलीतलं कूलंट परत ओढलं जात नाही, हवा ओढली जाते.

बाटली लावूनही पातळी उतरत राहिली, तर ती खरी बातमी. क्लिपांभोवती सुकलेला हिरवा-पांढरा डाग, वॉटर पंपाखालचा ओघळ, केबिनमध्ये गोडसर वास आणि पायाशी ओलं मॅटिंग, हे शोधा. बाहेर काहीच सापडलं नाही आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलचा, संशय धरून मिस्त्री गाठा. बाटली भरत राहून ते मिटत नाही.

कॅम्परमध्ये राहायचंय म्हणून एक खास सूचना. कूलंट पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीच ठेवू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं. काढलेलंही नालीत सोडू नका. उन्हाळ्यात गल्लीतली कुत्री-मांजरं दिसेल त्या डबक्याला तोंड लावतात.

पातळी बघायची ती सकाळी, गाडी गार आणि सपाट जागी असताना. रेषा मिन आणि मॅक्सच्या मध्ये असली की टोपीला हात लावायचं कारण नाही. सौंसरला चहाला थांबाल तेव्हा, गाडी तापलेली असताना, तर अजिबात नाही.