मार्सोचा माइम शिकावा की देक्रूचा?

माइम, म्हणजे मूकाभिनय, शिकायचं नक्की झालं की प्रश्न येतो तो घराण्याचा. एका बाजूला मार्सेल मार्सो: पांढरा रंगवलेला चेहरा, नसलेली भिंत, नसलेली दोरी, समोरून येणारा नसलेला वारा. दुसऱ्या बाजूला एतिएन देक्रू, खुद्द मार्सोचा गुरू. त्याने विद्यार्थ्यांचे चेहरे फडक्याने झाकले आणि धडाला कामाला लावलं. मी दोन्हीकडे काही वर्षं घालवली आहेत. आता एका बाजूला आहे, आणि का ते पुढे येईलच. पण ज्याला अजून ठरवायचं आहे त्याला दोन्ही रस्ते नीट दिसावेत, यासाठी हे लिहितो आहे.

आधी एक वाद बाजूला काढू. ‘खरा माइम कुठला’ यावर दोन्हीकडचे विद्यार्थी हिरिरीने भांडतात आणि भांडत भांडत ग्रीकांपर्यंत जातात. मूळ ग्रीक शब्द ‘मिमोस’. नक्कल करणाऱ्या नटालाही तेच नाव आणि त्या खेळालाही तेच. त्यात गप्प राहण्याचा मागमूसही नाही. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात सिराक्यूजचा सोफ्रोन जे माइम लिहीत होता, ते चक्क गद्य संवाद होते, रोजच्या बायाबापड्यांच्या बोलण्यातले. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या सुरुवातीलाच त्यांची दखल घेतली आहे. रोममध्ये हाच खेळ ‘मिमुस’ झाला आणि तिथेही तो बोलकाच राहिला. नट अनवाणी असत, मुखवटा घालत नसत, आणि बायकांची कामं बायकाच करत, जे त्या काळच्या इतर नाटकात चालत नसे. इ. स. पू. 46 मध्ये ज्यूलियस सीझरने लाबेरियस नावाच्या मानी माइमलेखकाला उतारवयात स्वतः रंगमंचावर उतरायला भाग पाडलं. त्याने भर प्रेक्षकांत सीझरलाच झोंबतील अशी वाक्यं म्हणून दाखवली. माइम मुका असता तर हे घडलं नसतं.

गप्प होता तो ‘पांतोमिमुस’, म्हणजे सगळ्यांची नक्कल करणारा. इ. स. पू. 22च्या सुमाराला पिलादेस आणि बाथिल्लुस या दोघांनी रोमला त्याचं वेड लावलं. एकच नर्तक, तोंडावर मिटल्या ओठांचा मुखवटा, कथा गाणारे गायक वेगळे, आणि सगळी पात्रं एकाच देहातून एकामागून एक. म्हणजे आपल्या कलेला नाव मिळालं एकाकडून आणि मौन दुसऱ्याकडून. लुकियान या ग्रीक लेखकाने अशा एका नर्तकाची हकिकत दिली आहे. त्याला पाहून देमेत्रियस नावाचा तत्त्वज्ञ म्हणाला की तू तर हातांनी बोलतोस. मार्सोवाले या हातांवर बोट ठेवतात, देक्रूवाले झाकलेल्या चेहऱ्यावर. दोघांनाही पुरावा सापडतो, त्यामुळे या वादातून आपला निर्णय काही होत नाही.

निर्णयासाठी त्यापेक्षा एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस उपयोगी. तिथल्या फ्युनांब्युल या थिएटरात झां-गास्पार देब्युरो पियेरो या विदूषकी पात्राचं काम करायचा. पांढरा चेहरा, ढगळ पांढरे कपडे. छोट्या थिएटरांना संवादी नाटकं करायची मुभा नव्हती, म्हणून पात्रं हातवाऱ्यांनी आणि चेहऱ्याने ‘बोलत’. हे मौन परवान्यातून आलेलं होतं. शब्द काढून घेतले होते, म्हणून त्यांच्या जागी खुणा आल्या. मार्सोचं रंगमंचावरचं पात्र बिप, 1947 साली जन्मलेला, चेपक्या टोपीवर फूल खोचलेला, याच पियेरोच्या वंशातला. देक्रूला नेमकं हेच नको होतं. 1923मध्ये तो झाक कोपो या दिग्दर्शकाच्या शाळेत गेला तो भाषण सुधारायला. तिथे त्याने विद्यार्थ्यांना चेहरे झाकून, जवळजवळ उघड्या अंगाने काम करताना पाहिलं आणि त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली. त्याच्या लेखी मौन म्हणजे गेलेल्या शब्दांची भरपाई नव्हती. शरीराचं स्वतःचं व्याकरण असतं आणि ते शोधायला त्याने उरलेलं सगळं आयुष्य घातलं.

आता मार्सोच्या पद्धतीबद्दल, आणि हे मनापासून सांगतो. तिच्याइतकी लवकर आनंद देणारी दुसरी शिकवणी मला ठाऊक नाही. फिक्स पॉइंट हाताला बसला की भिंत उभी राहते. पंजा सैल येतो, टेकताक्षणी सपाट होऊन थबकतो, आणि अंग हललं तरी तो जागचा हलत नाही. पेला उचलायचा तर बोटं आधी त्याच्या जाडीइतकी उघडायची. ठेवताना ती थोडी जास्त उघडून हात मागे घ्यायचा, म्हणजे पेला तिथेच राहिल्यासारखा दिसतो. एवढ्या भांडवलावर माणूस एकटा, नेपथ्याशिवाय, कुठल्याही भाषेच्या प्रेक्षकांपुढे दहा मिनिटं उभा राहू शकतो. ज्याला लवकर प्रयोग करायचे आहेत, मुलांसमोर जायचं आहे किंवा एकपात्री बांधायचं आहे, त्याने दुसरीकडे बघायची फारशी गरज नाही.

मला मात्र तिथे एक गोष्ट खुपायला लागली आणि ती शेवटपर्यंत खुपतच राहिली. प्रेक्षक ओळखायला लागतात. दाराची मूठ फिरवली की पहिल्या रांगेतून कुजबुज येते, ‘दार’. पुढे ‘जिना’, मग ‘छत्री’. ओळखलं की त्यांचा चेहरा खुलतो आणि त्याच क्षणी ते पुढची वस्तू शोधायला लागतात. दार कुणी उघडलं, कशासाठी, उघडताना तो कचरला का, हे त्या शोधात कुठल्या कुठे जातं. ओळखू आलं नाही तर आणखी वाईट. माणसं शेजाऱ्याला विचारतात आणि नट नकळत खूण मोठी करतो, भुवया उंचावतो, डोळे विस्फारतो. माझं तेच होत होतं. चेहरा उत्तर सांगायला धावायचा आणि मानेखालचं अंग नुसतं उभं असायचं. मार्सोच्या स्वतःच्या कामात असं होत नाही, हे मान्यच केलं पाहिजे. ‘तारुण्य, प्रौढत्व, वार्धक्य आणि मृत्यू’ या त्याच्या छोट्या रचनेत ओळखण्यासारखी एकही वस्तू नाही, चालता चालता आयुष्य संपतं. पण ती उंची त्याची होती, आणि त्याच्या अंगात देक्रूची तालीम मुरलेली होती हेही विसरून चालत नाही. सामान्य विद्यार्थ्याच्या हाती बहुतेक वेळा वस्तूंची यादीच येते, निदान मी जे वर्ग पाहिले त्यांत तरी.

देक्रूकडे सुरुवात धडापासून. डोकं एकटं झुकवायचं, मान स्थिर. मग मानेसकट, मग छातीसकट, मग कंबरेसकट. पियानोवर सूर घोटावेत तसं हे रोज चालतं. हे रुक्ष आहे, खोटं कशाला सांगू. कित्येक महिने दाखवण्यासारखं काही हाती येत नाही, घरचे विचारतात तेव्हा सांगण्यासारखंही नाही. देक्रू स्वतः उतारवयात बूलोन्य-बियांकूरमधल्या आपल्या घराच्या तळघरात शिकवत असे आणि प्रेक्षकांसमोर जायची त्याला अजिबात घाई नव्हती. या परंपरेतले शिक्षकही बऱ्याचदा तसेच असतात. शिवाय काही रचना इतक्या अमूर्त असतात की नवखा प्रेक्षक बाहेरच राहतो. ही तक्रार खोटी नाही.

पण ढकलण्याचा साधा व्यायाम घ्या. मार्सोच्या पद्धतीने मी गाडी ढकलायचो तेव्हा पंजे आधी हवेत ठरायचे आणि अंग त्यांच्यामागे जायचं. देक्रूच्या पद्धतीत हात सगळ्यात शेवटी येतात. मागच्या पायाची टाच जमिनीला रेटते, तो रेटा गुडघ्यातून माकडहाडाशी येतो, पाठ त्याला क्षणभर अडवते, छाती झुकते आणि मग कुठे तळवे भरतात. वजन खरोखर एका पायावरून दुसऱ्यावर जातं. हा तोलाचा हिशेब खोटा करता येत नाही, मांड्या संध्याकाळपर्यंत सांगत राहतात. हे लोकांसमोर केलं तेव्हा ‘गाडी’ असं कुणी कुजबुजलं नाही. समोर काय आहे हे कदाचित कुणाला कळलंही नसेल, पण जड आहे आणि या माणसाला आता झेपत नाही, एवढं सगळ्यांना कळत होतं. मला हवं होतं ते हेच.

झाक लकोकचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. 1956मध्ये त्याने पॅरिसला काढलेली शाळा आजही चालू आहे. तो मुळात शारीरिक शिक्षणातून आलेला. न्यूट्रल मास्क, म्हणजे कुठलाच भाव नसलेला मुखवटा, इथपासून सुरुवात करून विदूषकाच्या लाल नाकापर्यंत न्यायचा, आणि मधे विद्यार्थ्यांना स्वतःची नाटुकली रचायला लावायचा. ज्याला माइम हे साधन म्हणून हवं आहे, म्हणजे जो शेवटी बोलणारं नाटक करणार, दिग्दर्शन करणार किंवा लिहिणार, त्याला मी डोळे झाकून तिकडे पाठवीन.

राहिले ते दोनच. तुम्हाला वर्षभरात प्रेक्षकांपुढे जायचं असेल, लोक हसले की अंगात बळ येत असेल, तर मार्सोच्या वाटेने जा. गोडी लागल्यावर धडाच्या कामासाठी देक्रूकडे वळता येतं, बरेच जण वळतात. उलट दिशेने जाणंही शक्य आहे, आणि माझ्या अनुभवात ते सोपं जातं. धड तयार असलं की भिंत दुपारभरात जमते, नुसत्या भिंतीवर वाढलेल्या अंगाला मात्र धड शोधायला फार वेळ लागतो. म्हणून हाताशी दोन-तीन वर्षं असतील आणि लगेच दाखवायची ओढ नसेल, तर मी देक्रूचंच नाव घेईन. फी भरण्याआधी एक वर्ग नुसता बसून बघा. शिक्षक विद्यार्थ्याची चूक दुरुस्त करताना त्याच्या हाताला हात लावतात की पाठीला, तिकडे लक्ष ठेवा.