फ्लुटिकासोनचा नाकातला स्प्रे: काही महिन्यांच्या वापरानंतर

धुळीच्या ॲलर्जीने माझं नाक सतत चोंदलेलं असतं, सकाळी शिंका सुरू झाल्या की थांबत नाहीत. म्हणून गेले काही महिने हा स्प्रे रोज वापरतेय.

सुरुवातीला फारसं काही जाणवत नाही आणि तिथेच बरेच जण बाटली बाजूला ठेवतात. कृपा करून ठेवू नका. हे स्टेरॉइड आहे, नाकातली सूज हळूहळू उतरवतं. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि तोही रोज मारला तरच. मला सगळ्यात मोठा फरक रात्री पडला, तोंडाने श्वास घेणं जवळजवळ थांबलंय. सकाळच्या शिंकाही कमी झाल्या.

मारायची पद्धत फार महत्त्वाची. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि टोक कानाच्या बाजूला. फवारा मधल्या पडद्यावर बसत राहिला तर नाक कोरडं पडतं, रक्तही येतं. जोरात ओढलं की औषध घशात उतरतं. थोडा कोरडेपणा मलाही आला; आधी सलाइनचा, म्हणजे मिठाच्या पाण्याचा, फवारा मारायला लागल्यापासून तो त्रास नाही. सलाइन घरी करणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या.

दुकानात मात्र आधी स्वतःला विचारा: नाक वाहतंय की चोंदलंय? सेटिरिझिन किंवा लोराटाडिन या ॲलर्जीच्या गोळ्यांनी ॲलर्जीचं पाणी, खाज, शिंका थांबतात, पण चोंदलेलं नाक फारसं मोकळं होत नाही. ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत नाक उघडतात. साध्या सर्दीत रात्रीपुरते उत्तम, पण ३ दिवसांच्या वर नकोत. नंतर त्यांच्यामुळेच नाक पुन्हा चोंदतं.

फिनाइलेफ्रिनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. तोंडाने घेतलेलं फिनाइलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर चालत नाही, असं २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितलं. तरी कितीतरी ‘सर्दीच्या गोळ्यां’मध्ये ते असतंच. त्याच गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉलही असतं, म्हणजे तापाची गोळी वेगळी घेतली तर डोस दुप्पट. नाक मोकळं करणारं दुसरं औषध, स्यूडोएफेड्रिन, खरंच काम करतं, पण झोप उडवतं आणि रक्तदाब वाढवू शकतं.

काचबिंदू असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल किंवा लहान मुलासाठी हवा असेल तर हा स्प्रे डॉक्टरांना विचारूनच घ्या.